लक्ष्मीवहिनींचं माहेरचं नाव

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा आमच्या घरात भांडी कमी आणि पाहुणे फार. पहिल्याच सणाला पुरणासाठी मोठं पातेलं लागलं, म्हणून सासूबाईंनी मला शेजारी पिटाळलं. शेजारच्या वहिनींनी हातातलं काम टाकून फळीवरचं पितळी पातेलं काढून दिलं. चांगलं जड, कल्हई लखलखीत, आणि काठाखाली कोरलेलं नाव, सौ. लक्ष्मीबाई. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत द्यायला गेले. नवी नवरी, तेव्हा दोन गोड शब्द बोलावेत या हौसेनं म्हटलं, "वहिनी, नाव किती सुरेख कोरलंय हो तुमचं."

"माझं नाही ते," त्या म्हणाल्या.

"पातेलं होय?"

"पातेलंही नाही आणि नावही नाही." माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवून त्या आत निघून गेल्या.

मला वाटलं, बाई शिष्ट दिसते. घरी येऊन फणकाऱ्यानं सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी उलगडा केला. सौ. लक्ष्मीबाई म्हणजे शेजारच्या गोविंदरावांची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणातच गेली बिचारी, मूलही गेलं. तिच्या माहेरच्यांनी लग्नात घरभर भांडी दिली होती, लोट्यापासून घंगाळापर्यंत एकूण एक भांड्यावर लेकीचं नाव घालून. वर्ष फिरायच्या आत गोविंदरावांचं दुसरं लग्न झालं, वाईच्या मुलीशी. नव्या सुनेचं नाव काय ठेवायचं असा विषय निघाला, तेव्हा सासूनं, म्हणजे गल्लीच्या माईंनी, निकाल देऊन टाकला. "लक्ष्मीच असू दे. भांड्यांवर आहेच. आणि माझ्या जिभेला ते वळण पडलंय, आता नवीन कुठं शिकत बसू?"

ऐकून मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं, आणि ते येऊ नये असंही वाटत होतं. माणूस मेलं तर त्याचं लुगडं दुसऱ्याला देताना आपण दहा वेळा विचार करतो, आणि यांनी नाव दिलं!

नाव तर माझंही बदललं होतं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, मग ते तिच्या कानात सांगतो. साताऱ्याची इंदू मी, सांगलीची सुधा झाले. मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. माहेरी गेलं की आई अंगणातूनच "इंदे, पाय धू आधी" म्हणून ओरडायची, की झाले मी परत इंदू. दोन लुगडी असावीत तशी दोन नावं. एक अंगावर, एक दांडीवर.

वहिनींचं तसं नव्हतं. त्यांनीच मला पुढं कधीतरी सांगितलं, "तांदळात नाव लिहिताना यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, होमाचा धूर लागला." एवढंच सांगून त्या नेहमीचं म्हणाल्या, "असू दे. भागतंय." कशावरही हेच. साखर रेशनवर गेली, भागतंय. रॉकेल मिळेना, भागतंय. मी चिडून म्हणायची, "वहिनी, तुमचं कशानं तरी अडतं का हो?" तर नुसत्या हसायच्या.

त्या गोऱ्या, उंच, आणि उंच बायका लोकांच्या नजरेला नको म्हणून वाकतात तशा किंचित वाकलेल्या. चालल्याचा आवाज यायचा नाही. हाक मारली की लगेच ओ द्यायच्या नाहीत. क्षणभर थांबायच्या, एकदा इकडंतिकडं बघायच्या आणि मग, "काय म्हणता?" माई सगळ्या गल्लीला सांगायच्या, सून बहिरी आहे. कसली बहिरी! आमच्या चुलीवरचं दूध वर यायला लागलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सुधा, दूध बघ गं."

धुणं घेऊन आम्ही दोघी रोज नदीवर जायचो. वहिनींची जागा ठरलेली. बाकीच्या बायका ऊन पाठीवर घेऊन बसत, या मात्र उन्हाकडं न बघता पाणी येतं त्या बाजूला तोंड करून बसत. वाई तिकडं, वर. "आज पाणी गढूळ आहे, वर पाऊस झालेला दिसतोय," असं म्हणायच्या. पण नदीचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "नदी" म्हणायच्या, फार तर "बाई" म्हणायच्या.

त्याचं कारण उघड होतं आणि गल्लीत त्याची थट्टाही होती. वहिनींचे सासरे, माईंचे यजमान, यांचं नाव होतं कृष्णाजीपंत. त्यांना जाऊन जमाना लोटला होता. पण नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, सासऱ्याचं सुनेनं घ्यायचं नाही, मग ते नदीला असो नाहीतर देवाला असो. माई गोकुळाष्टमीला "दह्यादुधाचा देव" म्हणायच्या. आरतीत ते नाव आलं की तेवढ्यापुरता ओठ मिटायचा आणि टाळी जोरात वाजवायची. कृष्णेच्या काठी जन्म काढला, पण माई नदीला नुसतं नदी म्हणाल्या. माईंचं चाले तसं सुनेचं चाले. आम्ही पोरीबाळी मुद्दाम विचारायचो, "वहिनी, द्रौपदीचा भाऊ कोण हो?" त्या म्हणायच्या, "तोच की, वस्त्रं पुरवणारा." आम्ही खिदळायचो.

मग माझी मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या, आणि आपल्याकडं बारशाला आलेली प्रत्येक बाई एकेक नाव घेऊन येते. कुणी म्हणालं मंगल, कुणी म्हणालं उषा. वहिनींनी स्वतःच्या हातानं शिवलेलं टोपडं आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी, तू सांग की एखादं." वहिनी पुढं झाल्या. तोंड उघडलं. सगळ्या बघायला लागल्या. आणि मग त्या म्हणाल्या, "ठेवा काहीही. पोर गोड आहे." आमच्या वन्संनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं सुमन.

महिन्याभरानं मी नदीवर जायला लागले, तेव्हा वहिनी धुणं आपटता आपटता थांबल्या. "मला त्या दिवशी एक नाव सांगायचं होतं," म्हणाल्या.

"मग सांगायचं होतं की!"

"घेता येईना." त्यांनी ओला हात पुढं करून पाण्याकडं दाखवलं. "ते. हिचं."

"कृष्णा?" मी म्हटलं. "अगबाई, चांगलं नाव. पण तुम्हाला कशाला सुचलं ते? माईंनी घरात घेतलं नसतं तुम्हाला."

"माझं आहे ते," वहिनी म्हणाल्या. "माहेरचं."

माझ्या हातातला साबण निसटून पाण्यात गेला, आणि लढाईच्या दिवसांत साबण कसा मिळायचा ते आम्हालाच ठाऊक. पण त्या दिवशी मला त्याचं सुचलंच नाही.

वाईत म्हणे घराघरात एक कृष्णा असते. तिथं नदीचा उत्सव होतो, घाटाघाटावर देवी म्हणून तिला बसवतात, साडी नेसवतात, ओटी भरतात. वहिनींच्या आईची, थोरल्या मुलाच्या पाठची मुलं जगत नव्हती. तिनं नवस केला, की हे जगलं तर तुझं म्हणेन. मुलगी झाल्यावर घाटावर नेऊन नदीच्या पाण्याला तिचे पाय लावले, नदीच्या ओटीत घातली आणि मग प्रसाद म्हणून परत घेतली. म्हणून नाव कृष्णा. "मी गोरी, आणि नाव काळीचं. बायका हसायच्या," वहिनी सांगत होत्या. "आई म्हणायची, हसू देत. हे नाव मी मागून आणलंय."

मागून आणलेलं नाव, आणि सासरच्या उंबऱ्यावर ते टाकून यावं लागलं. बरं, टाकलं तरी नंतर आपल्याशीच म्हणता येईल अशीही सोय नाही. सासऱ्याचं नाव ना ते. मला त्या दिवशी माईंचा, त्यांच्या मेलेल्या नवऱ्याचा, सगळ्या भांड्याकुंड्यांचा इतका राग आला की विचारू नका.

तरी एक माणूस होतं. वाईचा त्यांचा थोरला भाऊ. त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पा दर भाऊबीजेला यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच त्यांनी खणखणीत हाक दिली होती, "कृष्णे! अगं ए कृष्णे!" माई आतून कडाडल्या. "आमच्या दारात उभं राहून आमच्याच घरधन्याला एकेरी हाका मारतोय कोण हा?" गल्ली हसून हसून लोळली असेल. पण तेव्हापासून आप्पा दारात येऊन नुसते खाकरायचे. घरात असेपर्यंत बहिणीला "तू", "अगं", असं करून वेळ भागवायचे.

परत जाताना मात्र वहिनी त्यांना पोचवायला टांग्याच्या अड्ड्यापर्यंत जायच्या. एका वर्षी मीही बाजाराला म्हणून बरोबर होते. आप्पा टांग्यात चढले, ट्रंक पायाशी ठेवली, आणि वाकून म्हणाले, "येतो गं कृष्णे. जपून राहा." वहिनी रस्त्यात उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या. परत येताना त्या एकदम ताठ चालत होत्या. माझ्याशी सारखं बोलत होत्या, आप्पांना लहानपणी कुत्रं कसं चावलं, आई आंबोळ्या कशी करायची. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गप्प झाल्या. त्या एका हाकेवर बाई पुढचं वर्ष काढत होती, दुसरं काय.

गोविंदराव वाईट नव्हते. हळदीच्या पेठेत एका अडत्याकडं मुनीम होते. कपड्यांना कायम हळदीचा वास, आणि बोलणं मोजकं. बायकोला "ऐकलं का" म्हणायचे, सगळेच नवरे म्हणायचे तसं. लक्ष्मी असं त्यांनी हाक मारलेलं कुणी ऐकलं नाही. तेही नाव त्यांनी कदाचित पहिलीसाठीच ठेवलं असेल. वहिनींना मूलबाळ झालं नाही, तेव्हा आईदेखील कुणी म्हणालं नाही.

पितृपक्षात त्यांच्याकडं अविधवा नवमी असायची. नवऱ्याच्या आधी सौभाग्यानं गेलेल्या बाईचा तो दिवस. पहिल्या लक्ष्मीबाईंचं श्राद्ध. सवाष्ण म्हणून एकदा मला बोलावलं. पुढच्या खोलीत भटजी तिचं नाव घेऊन संकल्प सोडत होते आणि स्वयंपाकघरात वहिनी वडे तळत होत्या. बाहेरून माईंनी विचारलं, "लक्ष्मी, लक्ष्मीचं पान वाढलंस का?"

"वाढलं," आतून आवाज आला.

मी जेवण कसंबसं उरकलं. हात धुताना मी न राहवून विचारलं, "वहिनी, आपल्याच नावाचं श्राद्ध आपणच रांधायचं. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"अगं, तिचाच दिवस आहे," त्या म्हणाल्या. "वर्षातून एक दिवस तरी तिचं नाव तिचं तिला मिळतं. बरंच आहे की. माझं कुठं गेलं ते विचारायला मला असा दिवसही नाही." आणि मग नेहमीचं "असू दे" म्हणायला गेल्या, पण म्हणाल्या नाहीत. माझी ओटी भरली.

माई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा वहिनींनीच सगळं केलं. माईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मी समाचाराला बसले होते त्या दिवशी त्यांनी सुनेचा हात धरून विचारलं, "लक्ष्मी, तू आधीची का नंतरची?"

वहिनींनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "आधीचीच," म्हणाल्या.

"मला वाटलंच," म्हणून म्हातारीनं सुखानं डोळे मिटले. बाहेर आल्यावर मी वहिनींवर भडकले, की काय ही रीत, आता तरी खरं सांगायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "तिच्यावर फार जीव होता गं त्यांचा. जाताना भेटली, एवढंच."

माई गेल्या. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वाईहून तार आली, आप्पा गेले. वहिनी तार हातात धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सुधा, आता ते नाव घेणारं कुणी राहिलं नाही."

"असं काय म्हणता? तुमच्या भावजया, भाचे..."

"भावजय वन्सं म्हणते. भाचे आत्या म्हणतात. तू वहिनी म्हणतेस. आता मला नुसतं नावानं कोण हाक मारणार? मोठं माणूसच मारतं ना. ती सगळी गेली."

मी क्षणभर विचार केला, आपणच म्हणावं. पण आपल्यापेक्षा एवढ्या मोठ्या बाईला एकेरी नावानं हाक? तोंडातून निघाली असती तरी ती हाक कशी झाली असती? खोटीच झाली असती.

तेराव्याला वाईला जायचं तर गोविंदरावांना सुटी मिळेना, पेठेत हळदीचा हंगाम. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणून सोबतीला मी निघाले. मिरजेला गाडी बदलली, साताऱ्याला आमच्याकडं मुक्काम केला, आणि तिथून वाईची मोटार. पेट्रोल लढाईवर गेलेलं, तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावलेल्या असायच्या. जरा चढ आला की मोटार थांबायची आणि क्लीनर उतरून कोळसा ढवळायचा. वहिनींना कशाचं काही नव्हतं. खिडकीला तोंड लावून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "ठकू आहे अजून."

ठकूताई समोरच्या घरातल्या, वहिनींहून दोनतीन वर्षांनी मोठ्या, लहानपणच्या जिवलग. त्यांचं लग्न होऊन वर्षभरात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्याच. तांबडं आलवण नेसून भावाच्या घरी राबत जन्म गेला त्यांचा. मोठ्या होत्या, मैत्रीण होत्या, त्यांच्या तोंडी नुसतं नाव शोभलं असतं. वहिनींचं गणित मला कळलं. वाईला त्या भावासाठी निघाल्या होत्या हे खरं, पण जीव ठकूताईंच्या ओसरीवर जाऊन बसला होता.

त्यानंतर लवकरच माझ्या यजमानांची सांगलीहून बदली झाली, आणि वहिनींची नि माझी गाठ पुन्हा पडली नाही. म्हणून ती वाईची दुपार माझ्याजवळ शेवटची आहे.

दिवस झाल्यावर, पानं उठल्यावर, वहिनी मला म्हणाल्या, "चल." वाटेत बजावलं, "तू मध्ये बोलायचं नाहीस हं. आवाजावरून ओळखते की नाही बघू."

"आवाजावरून का?"

"तिचे डोळे गेलेत म्हणे."

दारात भांडी घासणारी बाई होती. "कोन पायजे तुमास्नी?" तिनं विचारलं. ठकूताई म्हटल्यावर म्हणाली, "हायती की. पर काय बी दिसत न्हाई त्यास्नी आता. जवळ जाऊन बसा, म्हंजी कळंल."

ठकूताई ओसरीवर भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत होत्या. बोटं आपोआप चालत होती. वहिनी त्यांच्या अगदी पुढ्यात बसल्या. आवाज कापरा झाला होता. "बरी आहेस का?"

बोटं थांबली. "कोण गं?"

"ओळख."

ठकूताईंनी मान कलती केली, हसल्या. "बोल आणखी."

"काय बोलू?"

"नाही बाई. आवाज ओळखीचा वाटत नाही. कुठून आलीस?"

"सांगलीहून."

"सांगलीची कोण?"

आता फक्त एक शब्द बोलायचा होता. माई नव्हत्या, आप्पांना दटावणारं कुणी नव्हतं, सासरे तर मी बघितलेदेखील नव्हते. ओसरीवर आम्ही तिघी बायका. वहिनींचे ओठ हलले, गळ्याची शीर वर आली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, बोला हो एकदा. ही लाज नव्हती, भीतीही नव्हती. त्यांची जीभच वळत नव्हती. इतकी वर्षं जे तोंडाशी आलं की गिळायचं, ते आता मागितल्यावर वर येईना.

"मी लक्ष्मी," वहिनी म्हणाल्या.

"लक्ष्मी?" ठकूताईंनी आठवून बघितलं. "आमच्या आळीत लक्ष्मी कुणी नव्हती. घर चुकलात वाटतं बाई तुम्ही." इतका वेळ एकेरी बोलत होत्या, त्या अहोजाहोवर आल्या. मी तोंड उघडलं, तसा वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. असा दाबला की मला हलता येईना.

"पण आलात तर बसा, गूळपाणी घ्या," ठकूताई म्हणाल्या. "सांगलीच्या आहात तर बरंच झालं. आमची कृष्णा तिकडं दिलीय. ही समोरच्या घरची. आप्पाची बहीण."

"हो का," वहिनी म्हणाल्या.

"फार द्वाड पोर. पुरात नदीत उडी घालायची आणि पलीकडून चिंचा घेऊन यायची. भिजलेल्या चिंचा, परकराच्या ओच्यात. मी काठावर उभी राहून ओरडायची, कृष्णे, मरशील, कृष्णे, परत फीर. ती पाण्यातून नुसती हात करायची."

"अजून सांगा ना," वहिनी म्हणाल्या.

मग ठकूताई सांगतच राहिल्या. कृष्णा रडली कधी, कृष्णेनं कुणाला मारलं, लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्णा या इथंच कशी झोपली. नावच नाव ओसरीभर. वहिनी पदराचा बोळा तोंडाशी धरून ऐकत होत्या. डोळे वाहत होते आणि चेहऱ्यावर हसू होतं, आणि समोरच्या बाईला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला बसवेना.

साताऱ्याची मोटार गाठायची म्हणून मी शेवटी उठले. वहिनीही उठल्या, वाकून ठकूताईंच्या पाया पडल्या. ठकूताईंनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तुमच्या गावात कुठं भेटली तर सांगाल तिला?" त्या म्हणाल्या. "म्हणावं, ठकू आहे अजून. डोळे गेले, पण हाक मारायला तोंड आहे. एकदा येऊन जा म्हणावं."

"सांगते," लक्ष्मीवहिनी म्हणाल्या.